हृदयाची काटकसर

मध्यमवर्गाच्या घरात काटकसर हा सद्गुण समजावा की व्यसन समजावे, ह्याचा निर्णय आम्हांस अद्याप करता आलेला नाही. साखरेचा डबा, विजेचे दिवे, मुलांच्या वह्यांतील कोरी पाने ह्या सर्वांवर जिचा अंमल चालतो ती ही काटकसर एके दिवशी थेट आपल्या छातीत शिरते आणि आपण आपले हृदयसुद्धा जपून वापरू लागतो, एवढे मात्र आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. आमच्या आजीचे म्हणणे असे होते की, माणूस जन्मास येताना आपले श्वास मोजून घेऊन येतो. ज्याने ते धावण्यात, ओरडण्यात आणि संतापण्यात उधळले त्याचे लवकर सरतात. पुढे आम्ही पदवीधर झालो, इंग्रजी ग्रंथ वाचले आणि आजीच्या पुष्कळ समजुतींना यथेच्छ हसलो. परंतु ही एक समजूत मनाच्या तळाशी मुकाट्याने बसून राहिली. तिला हसणे आमच्या सोयीचे नव्हते. तिला मान दिला म्हणजे व्यायाम न करण्यास धर्माधार मिळत होता.

तसे पाहिले तर महाराष्ट्रातील सुशिक्षितांस व्यायामाची महती कोणी सांगितली नाही, असे मुळीच नाही. लोकमान्यांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात आपले आयुष्य वेचले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आसने व प्राणायाम ह्यांचे शरीरावर काय परिणाम होतात ते प्रयोगशाळेतील यंत्रांनी तपासावयास आरंभ केला. ह्या सर्वांविषयी आम्ही अत्यंत आदराने वाचले आहे. मात्र ते सारे वाचन आरामखुर्चीत पडून झाले. लोकमान्यांनी एक वर्ष अभ्यास सोडला. आम्ही तीस वर्षे अभ्यासास दिली आणि शरीरास एक दिवसही दिला नाही.

आमच्या महाविद्यालयात इंग्रजीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतात. काही वर्षांपूर्वी आमच्या असे ध्यानात आले की, वर्गात शिरल्यावर आम्ही विद्यार्थ्यांस म्हणतो, “पहिला उतारा मनात वाचा.” अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने ह्या मौनवाचनाचे आम्ही पुष्कळ समर्थन केले, पण खरी गोष्ट ही की, दोन मिनिटे आमच्याने एक वाक्य सलग बोलवत नसे. एके दिवशी पहिल्या बाकावरील एका मुलीने पुस्तकातून डोके वर काढून आमच्याकडे पाहिले, ती उठली आणि व्यासपीठाच्या कडेची खुर्ची तिने आमच्या मागे आणून ठेवली. “सर, बसा ना.” तिच्या मनात ममतेपलीकडे काही नव्हते. परंतु त्या खुर्चीने आम्हांस अण्णांची खुर्ची आठवली आणि त्या दिवशीचा उरलेला तास कसा गेला हे आम्हांस कळले नाही.

अण्णांस, म्हणजे आमच्या वडिलांस, १९८४ साली हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी ते चौपन्न वर्षांचे होते आणि आम्ही चौदा. तोवर कचेरीतून आल्यावर पायी रूपाभवानीपर्यंत जाऊन येणे हा त्यांचा नेम असे. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आले ते एकच शब्द घेऊन आले: विश्रांती. आमचे घर काहीही अर्धवट करणारे नव्हते. आईने विश्रांतीचे व्रतच घेतले. अण्णांचे आंघोळीचे पाणी न्हाणीघरात जाऊ लागले, वर्तमानपत्र हातात येऊ लागले, माडीचा जिना बंद झाला, मग अंगण बंद झाले. ओसरीवर एक वेताची खुर्ची आली. पहिल्या वर्षी ते रस्त्यापर्यंत गेले तर दमत. दुसऱ्या वर्षी सदरा अंगात घालताना दमू लागले. प्रत्येक नवी धाप आम्हांस रोग वाढल्याचा पुरावा वाटे आणि आम्ही त्यांची आणखी एक हालचाल कमी करीत असू. अशी सहा वर्षे गेली. १९९० साली ते गेले. सगे म्हणाले, घराने फार जपले म्हणून एवढी वर्षे तरी मिळाली. आम्हीही तसेच मानीत आलो होतो.

खुर्चीच्या त्या प्रसंगानंतर आठवडाभराने आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. ते अकरावीस आमच्या हाताखाली होते. इंग्रजीत त्यांस जेमतेम गुण पडत, हे त्या क्षणी आठवून आम्हांस कसेसेच झाले. त्यांनी आमच्या छातीस तारा चिकटविल्या आणि आम्हांस एका चालत्या पट्ट्यावर उभे केले. ह्या परीक्षेचा जो क्रम सर्वत्र रूढ आहे तो अमेरिकेतील रॉबर्ट ब्रूस ह्या डॉक्टरांनी बसविला. १९६३ साली तो प्रसिद्ध झाला. आरंभी ताशी २.७ किलोमीटर वेग आणि शंभरास दहा असा चढ, म्हणजे लग्नाच्या वरातीपेक्षाही मंद चाल. मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. सहाव्या मिनिटास आम्ही हात वर केला.

पट्टा सुरू होण्यापूर्वीच आमची नाडी अठ्ठ्याहत्तरावरून ब्याण्णवांवर गेली होती. आम्हांस ते भित्रेपणाचे लक्षण वाटले. पुढे वाचनात आले की हा भित्रेपणा सर्वांचाच आहे आणि तो फार उपयोगी आहे. डेन्मार्कमधील क्रोग आणि लिंडहार्ड ह्या शास्त्रज्ञांनी १९१३ साली असे दाखविले की, श्रमास आरंभ होताच अगदी पहिल्या क्षणी श्वास आणि नाडी दोन्ही वाढतात. स्नायूंकडून रक्तावाटे निरोप यावा इतका अवकाश तेथे नसतोच. म्हणजे जो मेंदू पायांस ‘चला’ म्हणतो तोच त्याच वेळी हृदयास ‘तयार राहा’ म्हणतो. विश्रांतीच्या वेळी ‘व्हेगस’ नावाच्या मज्जातंतूंनी हृदयाचा लगाम खेचून धरलेला असतो. तो अगदीच सोडला तर हृदय आपल्या मनाने मिनिटास सुमारे शंभर ठोके देईल. श्रम सुरू झाले की प्रथम हा लगाम सैल होतो, आणि तेवढ्याने न भागले तरच दुसऱ्या मज्जातंतूंचा चाबूक पडतो. ज्यांनी सोलापुरातले टांगे पाहिले आहेत त्यांस ह्याहून अधिक सांगावयास नको.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्यास सुमारे ७० घनसेंटिमीटर आणि मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. अंगातील रक्त एकंदर तेवढेच. म्हणजे मिनिटाभरात सारे रक्त एकदा फिरून येते. तोच माणूस जिवाच्या आकांताने धावू लागला तर हे माप १५ ते २० लिटरांवर जाते आणि उत्तम धावपटूचे ३५ लिटरांपर्यंत. पण नुसते रक्त वाढवून भागत नाही, ते वाटावेही लागते. ज्या सोलापूरकराने वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळास पाणी आलेले पाहिले आहे आणि पहाटे चावी सोडणाऱ्याची वाट पाहिली आहे, त्यास ही वाटणी चटकन समजेल. उजनीचे पाणी एकच. ह्या पेठेस सोडले की त्या पेठेचे बंद. स्वस्थ असताना स्नायूंच्या वाट्यास एकंदर रक्ताचा पाचवा हिस्सा येतो. कडक श्रमात चार पंचमांश आणि त्याहूनही अधिक येतो. आतडी आणि मूत्रपिंडे ह्यांच्या चाव्या आवळल्या जातात. जेवण झाल्याबरोबर धावू नये, असे आई सांगत असे, त्यातील इंगित हेच. मेंदूचा पुरवठा मात्र बहुतेक जसाच्या तसा राहतो. येथे नवल असे की, चावी उघडावयास वरून कोणी माणूस यावा लागत नाही. राबणाऱ्या स्नायूत जी आम्ले, जो वायू, जी उष्णता निर्माण होते तीच त्या जागेच्या बारीक धमन्यांस सैल करते. ज्या पेठेत तहान त्याच पेठेत नळ सुटतो. आमच्या महानगरपालिकेस ही विद्या कोणी शिकवील तर बरे होईल. ह्याही पलीकडे, एरवी ओस पडलेल्या सूक्ष्म केशवाहिन्या रक्ताने भरू लागतात. त्यांचा हा कारभार उलगडल्याबद्दल त्याच ऑगस्ट क्रोग ह्यांस १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि फुप्फुसे? धाप लागली म्हणजे छातीतला प्राणवायू संपला, अशी आमची भाबडी समजूत होती. वास्तविक निरोगी माणसास कितीही धाप लागली तरी त्याच्या धमन्यांतील रक्तात प्राणवायू बहुधा पूर्वीइतकाच असतो. मिनिटास सहा-आठ लिटर हवा घेणारी फुप्फुसे शंभर लिटरही घेऊ शकतात. त्यांच्यापाशी शिलकेची ददात नाही. व्यायामाने हृदयाचा कप्पा मोठा होतो, रक्ताचा पातळ भाग वाढतो, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात. फुप्फुसे मात्र जवळजवळ होती तशीच राहतात, कारण ती आधीपासूनच गरजेपेक्षा मोठी असतात. मग धाप कशाची? स्नायूंस रक्त पुरेनासे झाले की ते आम्ल आणि कार्बन डायॉक्साइड अधिक निर्माण करतात, आणि तो केर बाहेर टाकण्याची घाई म्हणजे धाप. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमच्या छातीत जी तक्रार उमटत होती तिचे मूळ पुष्कळ अंशी आमच्या पायांत होते.

एक गोष्ट वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. सर्व शरीरास रक्त पुरविणारे हृदय स्वतः रक्त पिते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात. ठोका देताना त्याचा स्नायू आवळला जातो आणि त्याच्याच धमन्या चिमटल्या जातात. नाडी जितकी जलद तितका हा विसावा तोकडा. बाकीचे स्नायू रक्तातील प्राणवायूचा सुमारे चौथा हिस्सा घेतात आणि वेळ पडल्यास अधिक घेण्याची सोय राखून ठेवतात. हृदय मात्र स्वस्थपणीही सुमारे तीन चतुर्थांश घेऊन टाकते. त्याच्यापाशी शिल्लक नाही. श्रम वाढले की त्यास अधिक रक्तच लागते, चौपट-पाचपट लागते, आणि ते आणणारी वाट अरुंद झालेली असली तर छातीत कळ उठते. म्हणूनच पन्नाशी उलटलेल्या माणसाने एकाएकी वीरश्री संचारून धावत सुटू नये, आधी तपासून घ्यावे. हे डॉक्टरांनी आम्हांस तीनदा बजाविले आणि आम्हीही येथे एकदा बजावून ठेवतो.

आमच्या वाटा सुदैवाने मोकळ्या निघाल्या. “सर, तुमचं हृदय आजारी नाही,” डॉक्टर म्हणाले, “त्याला कुणी काम सांगितलेलं नाही एवढंच.” मग त्यांनी आम्हांस एका प्रयोगाची हकिकत सांगितली. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच धट्ट्याकट्ट्या तरुणांस तीन आठवडे अंथरुणात निजवून ठेवले. उठल्यावर पाहतात तो त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. दोन महिन्यांच्या मेहनतीने ती भरून आली. तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पुन्हा तपासले. वजने वाढलेली, पोटे सुटलेली. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांची शक्ती जेवढी नेली होती तिच्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने अधिक नेली होती. आणि सहा महिने हळूहळू चालावयास, धावावयास लावल्यावर ते पन्नाशीचे गृहस्थ बहुतेक आपल्या विशीतल्या मापाशी परत आले.

डॉक्टर हे उत्साहाने सांगत होते. आम्ही मनात हिशेब करीत होतो. तीन आठवडे इस्पितळ. नंतर सहा वर्षे वेताची खुर्ची.

घरी येऊन आम्ही अधिक शोध केला. बॉस्टन येथील लेव्हाइन व लाउन ह्या डॉक्टरांनी १९५२ सालीच असे प्रसिद्ध केले होते की, झटका आलेल्या रोग्यास आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवू नये, लवकर उठवून खुर्चीत बसवावे. त्या काळी ती मोठी क्रांती होती. खुर्ची ही तेथे अंथरुणातून बाहेर पडण्याची पहिली पायरी होती. आमच्या ओसरीवर ती शेवटची झाली. ह्यात दोष कोणाचा म्हणावा? ज्यांनी ‘विश्रांती’ म्हटले त्यांनी कदाचित काही आठवडे म्हटले असेल. आम्ही त्याचे आयुष्य केले, आणि प्रेमाने केले.

ह्यानंतर आम्ही रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने, भुईकोट किल्ल्याच्या तटाखालून फिरू लागलो. त्या फिरण्याचे वर्णन करून वाचकांस शिणवीत नाही. व्यायामाला लागलेला नवा माणूस आणि नवा कवी ह्यांच्यापासून समाजाने दूर राहावे हेच बरे. दोन नोंदी मात्र सांगण्याजोग्या आहेत. पहिली उन्हाळ्याची. माघात जी फेरी एकशे दहा ठोक्यांत होई तीच वैशाखात, उशीर होऊन ऊन वर आले म्हणजे, एकशे पंचवीस घेई. पाय तेच, वाटही तीच. पण सोलापूरच्या उन्हात कातडीलाही अंग गार ठेवण्यासाठी रक्त हवे असते, घामाने रक्त दाटते, आणि दोन पेठांस एकाच वेळी पाणी पुरविताना हृदयास धावाधाव पडते. दुसरी नोंद आजीच्या हिशेबाची. दीड वर्षाने आमची बसल्या वेळची नाडी अठ्ठ्याहत्तरावरून अडुसष्टांवर आली. झोपेतले ठोके कमी पडतात ते सोडून देऊ आणि त्रैराशिक मांडू. पूर्वी दिवसाचे ठोके १,१२,३२० होत. आता तेवीस तास अडुसष्टप्रमाणे ९३,८४० आणि फिरण्याच्या एका तासाचे एकशे सोळाप्रमाणे ६,९६०, मिळून १,००,८००. म्हणजे तासभर उधळपट्टी करून रोजची साडेअकरा हजार ठोक्यांची बचत! ठोके मोजूनच मिळतात असे धरले तरी कंजूष माणसाने चालावयासच हवे. हा हिशेब आजीस दाखवावयास ती नाही, आणि ठोके मोजून मिळतात हेही खरे नाही. तरी आम्हांस त्याचा मोठा आनंद झाला हे कबूल करतो.

विद्वान माणसास आनंद झाला की तो आधार शोधतो. आम्हांस लंडनच्या बसगाड्यांचा आधार सापडला. जेरेमी मॉरिस ह्यांनी १९५३ साली असे दाखविले की, दुमजली बसगाडीचा बसून राहणारा चालक आणि दिवसातून पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा तिकीट देणारा ह्यांत हृदयविकार चालकास अधिक होतो आणि अधिक घातक ठरतो. परंतु मॉरिस पुरते प्रामाणिक होते. तीन वर्षांनी त्यांनीच ह्या लोकांच्या गणवेशांची मापे तपासली आणि चालकांच्या विजारींचे कंबरपट्टे नोकरीच्या आरंभापासूनच रुंद असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे सारे श्रेय जिन्यास देता येईना. आपल्याच सिद्धान्ताची विजार मोजून पाहणारा हा मनुष्य आम्हांस फार आवडला. पुढे इतर अनेक अभ्यासांनी त्यांचे मूळ म्हणणे उचलून धरले, ही गोष्ट वेगळी.

परंतु ग्रंथांतून जे पटले ते अंगी बाणले आमच्याच जिल्ह्यातील एका उतारावर. आषाढात ज्ञानोबांची पालखी माळशिरसाहून वेळापुरास निघते त्या दिवशी आम्ही खुडूसचे रिंगण पाहून एका दिंडीमागून चालू लागलो. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. ह्या मंडळींची बहुतेक वाट संपली होती, आमची तासाभरापूर्वी सुरू झाली होती. आमच्या पुढे सत्तरीची एक बाई होती. परभणीकडची, पायांत झिजलेल्या चपला, डोक्यावर तुळशीवृंदावन. ती अभंग म्हणत चालली होती. श्रमाचे माप ठरविण्याची जी एक साधी रीत डॉक्टर सांगतात ती अशी की, चालताना बोलता यावे एवढ्याच वेगाने चालावे. वारकऱ्यांचा वेग त्यांचा अभंगच ठरवितो. ज्या चालीत टाळ वाजत नाही आणि चरण म्हणवत नाही ती चाल दिंडीस चालत नाही. शेकडो वर्षे ह्या वाटेने म्हातारी माणसे कोणत्याही घड्याळावाचून नेमक्या सोसेल त्या गतीने चालत आली आहेत.

पण वेळापूरच्या अलीकडे ती गती एकदा मोडते. तुकोबांस येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी समजूत आहे. म्हणून त्या उतारावर अवघी दिंडी धावते. त्याला धावा म्हणतात. एकाएकी पुढून आरोळी उठली आणि ती म्हातारी, एक हात वृंदावनास लावून, आमच्या देखत धावत सुटली. आम्हीही धावलो. का धावलो हे सांगता येत नाही. आईस, घरच्या मंडळींस, डॉक्टरांस, कोणास न विचारता आम्ही चाळीस वर्षांत प्रथमच धावलो.

उतार सरता सरता डोळ्यांपुढे काजवे चमकले. आम्ही रस्त्याच्या कडेस बाभळीस टेकून मनगट धरले. एकशे चोपन्न. छातीत ठोका नव्हे, घण पडत होता, आणि मनात एकच विचार होता: अण्णा चौपन्न वर्षांचे होते. मिनिटभराने पुन्हा मोजले. एकशे चाळीस. श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते हे हृदयाच्या प्रकृतीचे मोठे लक्षण आहे. ती बाराहून अधिक न उतरणे वाईट, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ठरले आहे. आमची चौदा उतरली होती. एखाद्या विद्यार्थ्याने पस्तीस गुणांची परीक्षा सदतीस गुणांनी पार करावी, तसे आम्हांस झाले.

“बसा वाईच, माउली,” म्हातारी म्हणत होती. ती आमच्यासाठी थांबली होती. “दम खावा. पालखी काय पळून जात न्हाई.”

आम्ही तिचा हात मागितला. ती हसू लागली. “जोशी हाय व्हय तू? हात बघतोस?” आणि तिने तळहात उलटा करून पुढे केला. आम्ही मनगटावर बोटे ठेवली. आमची नाडी अद्याप एकशे अठ्ठावीस होती, तिची चौऱ्याऐंशी. तोच उतार, तेच अंतर, वर डोक्यावरचे वृंदावन.

“किती हाय आयुष्य?” तिने विचारले.

“पुष्कळ आहे,” आम्ही म्हणालो. ती समाधानाने उठली आणि दिंडीत मिसळून गेली. तिचे हृदय जन्मतःच थोर होते की काय हे आम्हांस ठाऊक नाही. शेतात राबून आणि वर्षानुवर्षे ही वाट चालून ते तसे झाले असावे, एवढा तर्क करता येतो. धाव्यात धावणारे सर्वच तिच्यासारखे सुखरूप असतात असेही नाही. आम्ही केले ते शहाणपणाचे होते असे तर मुळीच नाही.

गेल्या पावसाळ्यात आई तापाने पंधरा दिवस अंथरुणात होती. तिचे वय त्र्याऐंशी. ताप गेला, पण उठून स्वयंपाकघरापर्यंत जावे तो ती भिंतीस हात लावून उभी राहू लागली. घरात पुन्हा तेच शब्द ऐकू येऊ लागले. “अहो, त्यांना उठवू नका, पडतील,” असे आमच्या कुटुंबाचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. ओसरीवर खुर्ची आणण्याची गोष्ट निघाली. आमचे चिरंजीव ती आणावयास निघालेही होते. आम्ही त्यास जरा कठोर शब्दांनी थांबविले, ह्याचे त्यास फार नवल वाटले.

डॉक्टरांस विचारून आम्ही आईस चालवू लागलो. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत. आठवड्याने ओसरीच्या टोकापर्यंत. कार्तिकात अंगण, तुळशीपर्यंत आणि परत. तिचा डावा हात आमच्या हातात असतो, आणि तिला नकळत आम्ही नाडी मोजीत असतो. निदान तिला कळत नाही असे आम्हांस वाटत होते.

परवा तुळशीपाशी ती थांबली. “अण्णांनाही असंच चालवलं असतं तर?” तिने आमच्याकडे न पाहता विचारले.

एक तप विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात गेले, दुसरे गेले, तिसरेही सरत आले. बॉस्टन आणि डॅलस ही दोन्ही गावे आमच्या जिभेवर होती. आम्ही म्हणालो, “तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, आई.”

“मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही,” ती म्हणाली.

आम्ही काही बोललो नाही. तिचे मनगट आमच्या बोटांखाली होते. शहाण्णव, मग ब्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी. तिने पदराने तोंड पुसले, तुळशीस हात जोडले आणि पुन्हा हात पुढे केला.

“किती झाले?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“मग चल. अजून एक खेप होईल.”